रिकामी पिशवी आणि पालवे मास्तर

पेनल्टी मिळाली, मग ती आपल्याला असो की आपल्याविरुद्ध, पालवे मास्तर मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. डोळे मिटायचे नाहीत. उलट चांगले टक्क उघडे ठेवून समोरच्या प्रेक्षकांचे चेहरे बघायचे. कुणी विचारलं, की म्हणायचे, "चेंडूकडं बघून काय कळतंय? मान्सांकडं बघा. गोल आधी मान्सांच्या तोंडावर हुतो, मग जाळीत."

फुटबॉल क्लबच्या मॅनेजरनं असं बोलावं का, यावर आमच्याकडे पुष्कळ वाद झाले. वाद व्हायला आमच्याकडे कारण लागत नाही म्हणा. आमचा पहाटतारा क्लब नगरच्या मिशन कंपाउंडमधल्या पोरांनी आजोबांच्या पिढीत काढला. आता त्यात सगळ्या जातीधर्माचे खेळाडू आहेत, पण रविवारी चर्चची उपासना सुटल्यावर बेकरीमागे बसून टीमवर वाद घालायची रीत तीच आहे. मी या क्लबचा सेक्रेटरी. पोटापाण्यासाठी शाळेत क्लार्क. सेक्रेटरी म्हणजे मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून घेणारा, रेफ्रीला चहा देणारा आणि हरल्यावर सगळ्यांच्या आधी शिव्या खाणारा. त्या वर्षी तर त्या शिव्या मला न्याय्यच वाटायच्या, कारण पालवे मास्तरांना आणणारा मीच होतो.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळांच्या स्पर्धेत. पाथर्डीकडच्या एका वाडीवरची झेडपीची शाळा जीपमधून उतरली. बरोबर एक उंच, किडकिडीत मास्तर. पांढरा फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर टोपी, पायात चपला आणि खिशात बडीशेपेची पुडी. समोर शहरातली तगडी शाळा. मला वाटलं, दहा मिनिटांत खेळ आटपणार. पण त्या पोरांचं काहीतरी निराळंच चाललं होतं! मास्तरांनी एक टाळी वाजवली, की गोलकीपर पुढे धावायचा आणि पुढचा पोरगा मागे येऊन गोलमध्ये उभा राहायचा. रेफ्रीला सांगायचं, शर्ट बदलायचा, खेळ सुरू. समोरच्या टीमला कुणाला अडवायचं तेच कळेना. मी लाइनवर झेंडा घेऊन उभा होतो आणि झेंडा वर करायचाच विसरलो. एका गोलानं ते हरले, पण घरी जाऊन मी बायकोला अर्धा तास तीच मॅच सांगत होतो.

खेळ संपल्यावर मी त्यांना विचारलं, "मास्तर, हे असं का?"

"आमची अर्धी शाळा दसऱ्यानंतर आई-बापासंगं कोयत्यावर जाती," ते म्हणाले. "ऊस तोडायला. कोन ऱ्हाईल, कोन जाईल, ठावं नसतं. आज गोलमधी उभा हाय त्यो उंद्या कारखान्याच्या खोपीत. मग काय, सगळ्यांना सगळं यायला पायजे. ज्याची जागा पक्की त्यो गेला, की भगदाड पडतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढे मास्तर रिटायर झाले. त्यांची मुलगी नगरच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून ते आणि काकू सावेडीला दोन खोल्या घेऊन राहायला आले. नेमके त्याच सुमारास आमचे जुने मॅनेजर डॅनियल मामा मुलाकडे पुण्याला जायला निघाले. वीसेक वर्षं त्यांनी क्लब सांभाळला होता. नवा माणूस कोण, यावर बेकरीमागे गदारोळ चालला असताना मी उठून पालवे मास्तरांचं नाव घेतलं. इतक्या उत्साहानं घेतलं, की लोकांना वाटलं माझे नातेवाईकच आहेत.

आता आमच्या पंपाविषयी सांगायला हवं. क्लबचा एक पितळी हातपंप आहे. लाकडी मूठ हातांनी घासून पार गुळगुळीत झालेली. जो मॅनेजर, त्याच्या घरी तो पंप. मॅचच्या दिवशी सगळ्यांसमोर चेंडूत हवा मॅनेजरच भरणार. आणि मॅनेजर बदलायचा असेल, तर त्याला कुणी तसं तोंडानं सांगत नाही. जुन्या जर्सीच्या कापडाची एक निळी पिशवी आहे, ती सेक्रेटरीकडे असते. कमिटीचं ठरलं, की सेक्रेटरीनं ती रिकामी पिशवी घेऊन मॅनेजरच्या घरी जायचं, चहा प्यायचा, हवापाण्याचं बोलायचं. पंपाचा शब्द काढायचा नाही. मॅनेजर समजून घेतो, आत जातो आणि पंप आणून पिशवीत ठेवतो. कुणाचा अपमान नाही, कुणाची तक्रार नाही. एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकाच चर्चच्या बाकांवर बसणाऱ्या माणसांनी शोधून काढलेली ही युक्ती.

डॅनियल मामांनी पिशवी स्वतःच मागवून घेतली. भर मैदानात त्यांनी तिच्यात पंप ठेवला, लगेच काढला आणि पालवे मास्तरांच्या हातात दिला. मग त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. मास्तर हसले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या त्याच शेवटच्या.

मास्तरांनी आल्या आल्या 'उलटा गुरुवार' काढला. नाव पोरांनी ठेवलेलं. गुरुवारच्या सरावात मास्तरांची एक टाळी झाली, की कुणीही आपल्या जागेवर खेळायचं नाही. आमचा रॉकी म्हणजे टीमचा हिरा. गोल मारावा तर त्यानंच. त्याला मास्तरांनी गोलमध्ये उभं केलं. जॉनी एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, भरपूर अंगाचा बॅक. सगळ्या जन्मात त्यानं मैदानाची मधली रेघ ओलांडली नव्हती. त्याला पुढे पाठवलं. आमचा खरा गोलकीपर सलीम, मोबाईल दुरुस्तीवाला, तो विंगवर धावायला लागला आणि दुसऱ्या फेरीतच चिंचेच्या झाडाखाली आडवा झाला.

"ओ मास्तर," रॉकी म्हणाला, "सचिनला कधी विकेटकीपिंग करायला लावलं होतं का?"

"त्याच्या कीपरची आई आजारी पडली न्हाई म्हनून," मास्तर म्हणाले. "उभा ऱ्हा. दोन्ही गुडगं वाकव. ताठ उभं ऱ्हायला तू काय लग्नाचा फोटो काढायला आलाय का?"

पोरं हसली. रॉकी रागानं लाल. त्या दिवसापासून तो गुरुवारी गोलमध्ये उभा राहायचा, पण असा, की कुणीतरी त्याला तिथे विसरून गेलं आहे.

आणि आम्ही हरायला लागलो. एक हरलो, दुसरी हरलो, तिसरी अशी हरलो की जाळी शिवून घ्यावी लागली. पोरांना मॅचमध्ये आपली जागा आठवेना. दोघं एकाच चेंडूवर धावायचे, मग दोघंही थांबायचे, "तू घे", "तू घे" म्हणायचे आणि चेंडू तिसराच घेऊन जायचा. मास्तर लाइनवरून शाबासकीच्या टाळ्या वाजवायचे. मुलीनं त्यांना ट्रॅकपँट घेऊन दिली होती, तिच्यावर तोच इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट. बघणारे त्यांना पंच समजायचे.

पण हरल्यावर जे व्हायचं ते मी दुसऱ्या कुठल्या क्लबात पाहिलेलं नाही. मास्तर कुणालाही एक शब्द बोलायचे नाहीत. चिंचेखाली काकूंनी दिलेला मोठा डबा उघडायचे. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "हरल्यावर भूक लई लागती," ते म्हणायचे. "जिंकलेल्याचं पोट टाळ्यांनी भरतं. आधी खा, मंग रडा, मंग मला शिव्या द्या. ह्याच क्रमानं." पोरं माना खाली घालून खायची. रॉकी दूर उभा राहायचा. तिसऱ्या पराभवानंतर तो जवळ आला, भाकरी घेतली आणि सगळ्यांकडे पाठ करून खाल्ली. मास्तरांनी मला हळूच कोपरानं ढोसलं. "गडी जागेवर आला, सेक्रेटरी." मला तर तो जिथे होता तिथेच दिसत होता.

एकदा मी त्यांना म्हणालो, "मास्तर, निदान मॅचमध्ये तरी ज्याला त्याला जुन्या जागेवर राहू द्या."

"देतोच की."

"मग ते गोंधळतात कशामुळे?"

"शिकतायत म्हनून. येडं मानूस कधी गोंधळत न्हाई, सेक्रेटरी."

हे मी बेकरीमागे सांगितलं, तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही.

बेकरी आमच्या अध्यक्षांची, आल्फ्रेड अण्णांची. एकेकाळचे सेंटर हाफ. गुडघे गेले, आवाज राहिला. त्या रविवारी भट्टीजवळ सगळी कमिटी बसली होती आणि पावांच्या वासात असं भांडण पेटलं की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावून परत गेलं. एक गट म्हणे, पुण्याहून सर्टिफिकेटवाला कोच आणा. दुसरा म्हणे, डॅनियल मामांनाच परत बोलवा. कुणी म्हणे, नवा माणूस आहे, एक वर्ष तरी द्या.

"वर्ष?" अण्णा गरजले. "अरे, वर्षानंतर क्लब खालच्या गटात असेल! शेवटची मॅच हरलो की गेलो. आपल्या बापांनी अनवाणी खेळून वर ठेवलेला क्लब आपण बूट घालून खाली नेणार का?"

"पण अण्णा, आत्ता बदलून नवा माणूस दोन आठवड्यांत काय करेल?" मी विचारलं.

"निदान गोलकीपरला गोलकीपर म्हणेल! विल्सन, तू बोलू नको. तू तो माणूस आणलास. आता तूच पिशवी घेऊन जा."

एकेकानं मान डोलावली. मीही डोलावली. हे लिहायला जड जातं, पण डोलावली. क्लब खाली जाईल ही भीती खरी होती आणि ती माझ्यामुळे, ही बोचणी तिच्याहून खरी होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणी हे ओझं घ्यावं अशी माझी लायकी नाही.

मी गेलो. निळी पिशवी घडी करून हातात, दिसेल अशी. काकूंनी चहा केला. मास्तर लसूण सोलत बसले होते. पंप कोपऱ्यात, खुंटीवर. त्यांनी त्याला खोबरेल लावून असा लख्ख केला होता, की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. मी येणाऱ्या उन्हाळ्याविषयी बोललो. पाण्याच्या टँकरविषयी बोललो. पिशवी गुडघ्यावर उघडून ठेवली. मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. उठले. ते आत गेले आणि परडीभर बोरं घेऊन आले.

"गावाकडून आलीत. लई गोड. पोरांना न्या." पिशवी भरली.

"मास्तर, मी..."

"लाजताय काय? रिकामी पिशवी घिऊन आलाय म्हंजे बाजाराला निघाला असनार. बोरं कशाला इकत घेता?"

मी बोरं घेऊन अण्णांसमोर उभा राहिलो. त्यांनी पिशवीत हात घातला, एक बोर तोंडात टाकलं, बी थुंकली आणि म्हणाले, "पंप आणायला पाठवला, हा बाजार करून आला! त्यांना रीत कळली नाही. परत जा. या वेळी अजून गप्प बस."

दुसऱ्या खेपेला मी इतका गप्प बसलो, की काकूंना वाटलं मला बरं नाही. मास्तरांनी माझ्या हातून पिशवी अलगद घेतली, आत नेली आणि बाजरीचं पीठ भरून आणली. वर लसणाचे चार गड्डे. "आपल्या बाजरीची भाकरी खा, विल्सनभाऊ, तोंडाला रंग यील." दारापर्यंत पोचवायला आले. पंप खुंटीवर तसाच. जिना उतरताना, खरं सांगतो, मला हसू येत होतं आणि रडूही. माझ्या बायकोनं त्या पिठाच्या भाकरी केल्या आणि म्हणाली, "असल्या माणसाला काढताय?" मी भाकरी खात राहिलो.

अण्णांनी शेवटचा निर्णय दिला. "आता घरी जाऊ नको. शेवटच्या मॅचला लाइनवर पिशवी घेऊन उभा राहा. हरलो, की तिथेच उघडून त्यांच्यासमोर धर. मैदानावर तरी बोरं नसतील."

ती शेवटची मॅच! शिर्डीची टीम होती. हॉटेलवाल्यांचा पैसा, बाहेरून आणलेले खेळाडू, सगळ्यांचे बूट एकाच रंगाचे. आम्हाला बरोबरी पुरे होती. हरलो तर खालचा गट. टँकरनं पाणी मारलं तरी मैदानावर धूळ मावत नव्हती. चर्चची अर्धी मंडळी, सलीमच्या मोहल्ल्यातली पोरं, वर्कशॉपमधले जॉनीचे दोस्त, सगळे लाइनीवर दाटीनं उभे. मास्तरांनी सगळ्यांसमोर पंप मारला. दहा-बारा दणके, चेंडूवर टिचकी, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाले, "झालं. पळनाऱ्याला वाट घावती, उभ्याला नुसतं ऊन. जावा."

पहिल्या अर्ध्यातच शिर्डीवाल्यांनी गोल मारला. रॉकी पुढे एकटा पडत होता, त्याला दोघं-दोघं चिकटलेले. अण्णा माझ्याकडे बघून हातानं पिशवीची खूण करत होते. मी ती खिशात दाबून धरली.

दुसरा अर्धा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. शिर्डीचा एक आडदांड चेंडूमागे घुसला, सलीमनं झेप घेतली आणि दोघंही खांबावर आपटले. चेंडू बाहेर गेला. सलीम उठला नाही. त्याचं डावं मनगट भलतीकडेच वळलेलं. दुसरा गोलकीपर आमच्याकडे नव्हता. होता तो शिर्डीच्या विमानतळावर नोकरीला लागून गेला होता.

मास्तरांनी टाळी वाजवली. एकच.

आणि मी डोळ्यांनी पाहिलं ते असं: कुणी कुणाला विचारलं नाही. रॉकी धावत मागे आला. जॉनी धावत पुढे गेला. बदली पोरगा जॉनीच्या जागी उभा राहिला. बाकीचे दोघं-तिघं आपापसात सरकले, जसं पंगतीत नवा माणूस आला की सगळे थोडे थोडे सरकतात. सलीमचा डावा हात सुजला होता, त्यावरचा हातमोजा निघेना. रॉकीनं उजवा तेवढा घेतला आणि एका मोज्यानं गोलमध्ये उभा राहिला. दोन्ही गुडघे वाकवून!

"बघा, बघा!" मी ओरडलो. शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड मी पकडला होता.

शिर्डीवाले चक्रावले. ज्याला दोघंजण चिकटून होते तो गोलमध्ये, आणि पुढे हा एक जाडा मिशीवाला मेकॅनिक! त्याला अडवायचं म्हणजे कसं, हेच त्यांना उमगेना. कॉर्नर आला. चेंडू उंच आला. जॉनीनं उडी मारली असं मी म्हणणार नाही. तो फक्त तिथे होता. चेंडू त्याच्या छातीवर, मग पोटावर, मग गुडघ्यावर आपटला आणि घरंगळत, अगदी सावकाश, रेघेपलीकडे गेला.

गोल! लोक असे किंचाळले, की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. अण्णा गेलेल्या गुडघ्यांवर नाचत होते. जॉनी डोक्याला हात लावून उभा, जणू एखाद्याची गाडी ठोकली आहे.

मग सगळे मागे आले आणि रेघेवर जीव देऊन लढले. आता संपणार, आता संपणार असं म्हणत असतानाच आमच्या त्या बदली पोराच्या हाताला चेंडू लागला. शिट्टी. पेनल्टी.

मास्तर वळले. मैदानाकडे पाठ, लोकांकडे तोंड. आणि त्यांच्या अगदी समोर मी उभा होतो. माझ्या नकळत ती पिशवी खिशातून बाहेर आली होती आणि मी तिला दोन्ही हातांनी पिळत होतो. मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे.

"सेक्रेटरी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "पिळू नका. फाटंल."

मला मान खाली घालायची होती. पण त्यांना माझ्या चेहऱ्यावर मॅच बघायची होती. म्हणून मी मान वर ठेवली. त्यांच्या खांद्यावरून मला दिसत होतं: शिर्डीचा आडदांड चेंडू ठेवतोय, चार पावलं मागे जातोय. रॉकी हलत नाहीये. तो बघतोय. स्वतः इतक्या पेनल्ट्या मारलेला माणूस, मारणाऱ्याची नजर कुठे चोरटेपणानं जाते ते त्याला ठाऊक असणारच. पाऊल पडलं. रॉकी उजवीकडे झेपावला. मोज्याचा हात. थाप! चेंडू खांबाला, खांबावरून बाहेर!

माझ्या चेहऱ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. पण पालवे मास्तरांचा चेहरा उजळताना मी पाहिला, लोकांचा आवाज फुटायच्या आधी. ते वळलेही नाहीत. माझ्याकडेच बघत म्हणाले, "वाचला व्हय?"

"वाचला, मास्तर! वाचला!"

शेवटची शिट्टी झाली. लोक मैदानात घुसले. रॉकीला, जॉनीला खांद्यावर घेतलं. मास्तर मात्र हात पुढे करून माझ्यासमोर उभे. "पिशवी द्या इकडं."

आसपासची कमिटी थबकली. अण्णांचं नाचणं थांबलं. मी पिशवी दिली. मास्तर पंप पडला होता त्या बाजूला चालत गेले, पंपाला वळसा घातला आणि चिंचेखाली सलीम बसला होता तिथे पोचले. सलीमचे कपडे, बूट, मोबाईल, पाण्याची बाटली, सगळं त्यांनी त्या निळ्या पिशवीत भरलं. "मुलीची ड्युटी हाय आज, लगीच फोटो काढून प्लास्टर घालतील," म्हणाले. सलीमला धरून उठवलं, रिक्षात बसवलं, पिशवी मांडीवर घेऊन स्वतः शेजारी बसले. जिंकल्यासारख्या त्या बरोबरीचा जल्लोष सोडून रिक्षा निघून गेली. जाताना मास्तरांनी डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, "डबा झाडाखाली हाय! आज बी खा!"

रॉकीनं डबा उघडला. सगळ्यांना भाकरी त्यानं वाटली. एका हातात अजून तो मोजा होता.

अण्णांनी धुळीतला पितळी पंप उचलला, स्वतःच्या रविवारच्या शर्टानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "विल्सन, हा मास्तरांच्या घरी पोचव. आणि ऐक, पिशवी नेऊ नको."

पुढे आणखी दोन मोसम मास्तर आमच्याकडे होते. आम्ही जिंकलो, हरलो, पुन्हा जिंकलो. करंडक काही आणला नाही. पण उलट्या गुरुवारी मैदानाभोवती लोक बघायला येऊ लागले. जॉनी पोटानं गोल कसा मारतो ते बघायला पोरंटोरं गर्दी करायची. मग एक दिवस मास्तरांनी सांगितलं, गावाकडच्या शाळेत पोरांना खेळ शिकवायला बोलावलंय, जातो.

"आता कुठे टीम तुमच्या हाताखाली बसली, मास्तर," मी म्हणालो.

"बसली म्हनूनच. माझी सवय झाली त्यांना. मास्तराची जागा बी पक्की नसावी, सेक्रेटरी."

पाथर्डीच्या गाडीला त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो. काकू मुलीबरोबर आदल्या दिवशीच जीपनं पुढे गेल्या होत्या. अण्णांनी बेकरीतले पाव, नानकटाई आणि एक मोठा केक निळ्या पिशवीत भरून पाठवला होता. दुसरी पिशवी मिळाली नाही का, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "हीच न्यायची."

मास्तरांनी पिशवी घेतली. बाकावर बसून एकेक वस्तू स्वतःच्या थैलीत ठेवली. पिशवी झटकली. मग ट्रंक उघडून, धोतराच्या कापडात गुंडाळलेला तो पंप काढला, हातानं एकदा ओढून बघितला आणि पिशवीत ठेवून माझ्याकडे दिला.

मी म्हणालो, "मास्तर, ही रीत तुम्हाला..."

"डॅनियल मामानं पैल्याच दिशी कानात सांगितलं हुतं," ते म्हणाले आणि बडीशेप तोंडात टाकली. "रिकामी निळी पिशवी घरी आली, की समजून जा म्हनले."

"मग ती बोरं? ते पीठ?"

"मी समजलोच हुतो की. पन आमच्या घरनं कुनाला रिकाम्या पिशवीनं पाठवायची पद्धत न्हाई. आन पंप द्यावा, तर गुरुवार अर्धा ऱ्हायला हुता." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं तोंड बघून लई वाईट वाटायचं, विल्सनभाऊ. तुमी दोन्ही खेपंला माझ्यापेक्षा जास्त घाबरला हुता."

त्यांना काढायला गेल्याचं जे ओझं मी दोन वर्षं उगाचच वागवत होतो, ते त्यांनी बोरांसारखं उचलून बाजूला ठेवलं. गाडी लागली. मास्तर चढले, खिडकीशी बसले. मला वाटलं, आता हात हलवतील. पण ते वळून सरळ पुढे तोंड करून बसले. मला दिसत होती ती फक्त पांढऱ्या शर्टाची पाठ आणि टोपी. पेनल्टीच्या वेळची तीच पाठ.

पुढच्या बाकावरची एक बाई लेकराला खांद्यावर घेऊन मागे, आमच्याकडे बघत होती. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत असणार, आणि तिला मी दिसत असणार. म्हणून गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत, पिशवी छातीशी धरून, मी चेहरा हसरा ठेवून उभा राहिलो.